काठीचा मान

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चौथ्या लेनमधल्या तेरा वर्षांच्या मुलीचे हातपाय पाण्याखाली थांबले, आणि पायऱ्यांवर बसलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या आठवड्यात सरांनी मुलांना पाण्याखालून दोन फेऱ्यांचा सराव दिला होता. डोके वर काढायचे नाही, श्वास घ्यायचा नाही, आणि फेऱ्या संपल्या तरी शिट्टी होईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. मुलगी परतीच्या फेरीत भिंतीपासून थोड्या अंतरावर आली तेव्हा तिच्या पायांचा मारा मंदावला, मग बंद झाला. हात पुढे ताणलेले, बोटे सैल, अंग सरळ. आधीच्या वेगावर ती पुढे सरकत होती. सर काठावर उभे होते. ते म्हणाले, "बघा, याला शांतपणा म्हणतात. पोरगी झगडत नाहीये." त्यावर टाळ्या वाजल्या.

चौथ्या लेनच्या टोकाला त्या दिवशी काठी घेऊन एक बाई उभी होती. टाळ्या तिनेही वाजवल्या. त्यासाठी काठी बगलेत धरली. मग मुलीचा हात भिंतीजवळ आला. शिट्टी झालेली नव्हती. बाईने काठी खाली केली आणि टोकाने तो हात मागे लोटला, नेहमी लोटायची तसाच.

हात गेला. उलट जोर आला नाही.

ज्यांनी ही काठी धरली आहे त्यांना तो जोर ओळखीचा असतो. लोटलेला हात काठीला झटकतो, ढकलतो, कधी टोकच पकडून ठेवतो. पोराचा राग आणि काकुळती दोन्ही काठीतून वर येतात. या हातातून काहीच वर आले नाही. बाईच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत पाचव्या लेनमधली मुलगी दोरीखालून चौथ्या लेनमध्ये शिरली होती. ती या बाईचीच मुलगी.

तलावावर घरची नावे चालत नाहीत. मूल दाखल झाले की सर काही दिवस त्याला नुसते पाहतात आणि मग नाव देतात. चौथ्या लेनमधली मुलगी पाण्यात शिरताना थेंब उडवत नसे, म्हणून ती सुई. पाचव्या लेनमधली बाण. आईबापांची ओळखही तीच. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासणारी ही बाई तलावाच्या दारातून आत आली की बाणची आई होई, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा बाणचा बाबा. दोघांना त्यात कमीपणा वाटत नसे. उलट शेजारीपाजारीही आता त्याच नावाने हाक मारू लागले होते, आणि ते कानाला गोड लागे.

सरांविषयी लोक सांगतात ते बहुतेक खरे आहे. ते गावाबाहेरच्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला शिकले. त्यांच्या उस्तादाने त्यांच्या कमरेला दोर बांधला होता आणि पोरगे काठाकडे वळले की तो उस्ताद दोर सोडून देई. पुढे सर देशाच्या संघाच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि निवडीच्या शर्यतीत बोटभर अंतराने मागे राहिले. नव्या पालकांना ते ही गोष्ट स्वतः सांगत. "शेवटच्या टप्प्यात मी एकदा श्वास घेतला," ते म्हणत. "तो श्वास मला जन्मभर पुरला."

त्यांची सगळी शिकवणी या एका वाक्यातून निघाली. श्वास ही गरज कमी आणि सवय जास्त, असे त्यांचे मत होते. मुलांना ते पाण्याखाली ठेवत, आणि एकाने डोके वर काढले की सगळ्या लेनना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे मुले सरांना जेवढी भीत त्याहून जास्त एकमेकांना भीत. पोहण्याच्या पोशाखात रांगेने उभे करून सर मुलांचे वजन मोठ्याने वाचत. पण एखाद्या मुलीच्या खांद्यात कळ आली तर ती बोलायच्या आत त्यांना कळे, आणि तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी सर रात्र काढून गेल्याचेही दाखले होते. तलावाच्या दालनात त्यांच्या विजेत्यांचे फोटो लावलेले होते. फोटोंत मध्येमध्ये रिकामे खिळे होते. ज्यांनी पोहणे सोडले त्यांचे फोटो काढून घेतले जात.

काठी आधी बुडणाऱ्याला ओढून घेण्यासाठीच होती. नियमाप्रमाणे ती भिंतीवर टांगलेली असे. सरांनी पहिल्यांदा ती खाली काढली तेव्हा एकच मूल भिंत धरून रडत होते. पुढे मुले वाढली, एकट्या सरांना सगळ्या लेन सांभाळता येईनात, तेव्हा एका बापाने आपण होऊन मदतीला हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. होता होता त्याचा मान झाला. नव्या पालकांना वर्षभर पायऱ्यांवरच बसावे लागे, आणि ज्या दिवशी सर "आज मान तुमचा" म्हणत त्या दिवशी त्या घरात काही शुभ घडल्यासारखे वाटे. कोणीतरी काठीच्या टोकाला मऊ कापड गुंडाळले. आपल्या दयाळूपणाची खूण म्हणून पालक ते कापड नव्या लोकांना दाखवत.

नियम एकच होता. आपल्या मुलाच्या लेनवर आपण उभे राहायचे नाही. आईचा हात कापतो, सर म्हणत. दुसऱ्याच्या मुलावर तो कापत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

सुईला पाण्याबाहेर काढले ते बाणने आणि सरांनी. तोंडाला तोंड लावून श्वासही सरांनीच दिला. न थांबता, न गोंधळता, गाडी येईपर्यंत. त्या गाडीतून ते सुईच्या आईबरोबर इस्पितळात गेले. मागे पायऱ्यांवर पालक उरले, आणि जे ठरले ते सरांच्या पाठीमागे ठरले. कोणी कोणाला बजावले नाही. एक बाप म्हणाला की पोरीने सकाळी काही खाल्लेले दिसत नव्हते. दुसऱ्या कोणाला ती आल्यापासूनच फिकट वाटली होती. एका आईने सांगितले की काठ ओला होता. थोड्या वेळाने असे तयार झाले की सराव सुरू होण्याआधीच सुईला चक्कर आली आणि ती घसरून पाण्यात पडली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच हे रचले, आणि रचून झाल्यावर सगळ्यांनी एकदम बाणच्या आईकडे पाहिले.

ती भिंतीकडे पाहत होती. काठी कोणीतरी पुसून पुन्हा खुंट्यांवर चढवली होती.

घरी बाणची आत्या होती. ती वकिलाच्या कचेरीत टाइपिंग करी, लग्न केले नव्हते आणि जिभेला हाड नव्हते. तलावावर ती एकदाच गेली होती, तेव्हा तिने सरांच्या देखत विचारले होते की पोरांना पोहायला शिकवता की न बुडता मरायला. तेव्हापासून भावाने तिला तिकडे नेले नाही.

त्या संध्याकाळी बाणचा बाबा समजावणीच्या सुरात बोलत होता. जलतरण संघटनेचा चौकशी अधिकारी सोमवारी येणार होता. निवडीची शर्यत पुढच्या आठवड्यात होती. पोरीने सात वर्षे पहाटे उठून काढली आहेत, मैत्रिणी नाहीत, सुट्टी नाही, तिच्या अंगाला कायम क्लोरीनचा वास. ते सगळे एका वाक्यासाठी पाण्यात घालायचे का, असे तो विचारत होता.

"पाण्यातच तर घातलंय," आत्या म्हणाली.

"ताई, तू मध्ये बोलू नकोस."

"बरं. मग बाहेरून बोलते. ती दुसरी पोर जिवंत आहे का, ते तरी विचारलंस?"

होती. नळ्या लावलेल्या होत्या, डोळे मिटलेले होते. बाणच्या आईने दुकानातून दोनदा फोन करून विचारले होते. दिवसभर तिने गिऱ्हाइकांना नेहमीप्रमाणे फळ्यावरची अक्षरे वाचायला लावली होती, आणि ते वाचत असताना तिच्या उजव्या तळव्यात ती हलकी, काही न सांगणारी काठी पुन्हा पुन्हा येत होती. खरे सांगायचे म्हणजे मीच ढकलले असे सांगायचे. गप्प बसायचे म्हणजे सुई घसरली असे म्हणायचे. तिसरा रस्ता तिला सापडला नाही, आणि तिने तो शोधला नाही असे नाही.

नवऱ्याशी वाद घालण्याऐवजी ती उठली. तेव्हा तिच्या लक्षात आले की न्हाणीघराचे दार बराच वेळ बंद आहे आणि आतून आवाज नाही. ना पाण्याचा, ना बादलीचा.

तिने दारावर थाप मारली. उत्तर नाही. हाक मारली. घरातल्या नावाने. मग दोन्ही हातांनी दार बडवले, तेव्हा आत पाणी सांडल्याचा आणि जोराने श्वास ओढल्याचा आवाज आला.

"काय करत होतीस?"

"मोजत होते."

दार उघडले. मोठी बादली काठोकाठ भरलेली, बाणचे केस आणि चेहरा ओला, डोळे तांबडे.

"सर म्हणतील, घाबरली," मुलगी म्हणाली. "सुईला ओढताना मी पण पाणी प्यायले ना, त्यांनी पाहिलंय. उद्या मला आधी पाण्याखाली पाठवतील. भीती बसली की काढायला वेळ लागतो, आई."

"आणि सुई?"

मुलीने टॉवेल चेहऱ्यावर धरला. त्यामागून ती म्हणाली, "ती थांबली नाही. मी थांबले असते."

ती तक्रार नव्हती. त्यात कौतुक होते. आईला तेच ऐकवेना.

शनिवारी ती इस्पितळात गेली. सुईची आई औषधांच्या दुकानात काम करी. खोलीबाहेरच्या बाकावर ती चप्पल काढून, पाय वर घेऊन बसली होती. बाणच्या आईने ठरवून आणले होते ते उभ्याउभ्याच सांगून टाकले. की भिंतीशी हात आला होता. की तो मी मागे लोटला. की सोमवारी मी हे सांगणार आहे.

सुईची आई रागावेल, मारायला धावेल, एवढी तयारी तिने केली होती. पण ती बाई बाकावरून उतरली आणि तिने तिचे दोन्ही हात धरले.

"सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. तुम्ही मुद्दाम नाही केलंत, मी पण लोटलेत हात. तुमच्या बाणचा पण. पण तलाव बंद झाला तर? ती उठली आणि तिला लेनच नसली, तर मी काय सांगू तिला?"

बाणच्या आईने हात सोडवून घेतले. परतताना तिला रस्ता नीट आठवत नव्हता. आपल्या मुलीचा हात कोणी, कधी लोटला, हे तिने इतक्या वर्षांत कोणालाही विचारले नव्हते. विचारायचे नसते, एवढे सगळ्यांना माहीत होते.

इथे वाचकांनी सरांवर राग काढून मोकळे होऊ नये. हुंड्याला कोणी सासरा एकटा जन्म देत नाही, आणि काठीलाही कोणी एकटा प्रशिक्षक. त्या पायऱ्यांवर शिकलेली, मायाळू, पोरांसाठी झोपमोड करणारी माणसे बसत होती. मूल पुढे जावे म्हणून ते दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि तो हात काय करतो ते पाहायचे नाही, ही चाल तलावापुरती नाही. ती घराघरांत वेगवेगळ्या नावांनी चालते, आणि तिला आपण मेहनत म्हणतो.

सोमवारी चौकशी अधिकारी तलावाच्या दालनात फोटोंखाली टेबल लावून बसला. वयस्क, सभ्य माणूस; प्रत्येकाला बसा म्हणत होता. पालक एकेक करून आत जाऊन आले. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे लागली. बाणच्या आईला बराच वेळ लागला.

तिने क्रमाने सांगितले. टाळ्यांपर्यंत आली तेव्हा अधिकाऱ्याने मान वर केली. काठीपर्यंत आली तेव्हा त्याने पेन खाली ठेवले.

"तुम्ही स्वतःविरुद्ध सांगताय. लक्षात येतंय ना?"

"हो."

"बाकी सगळे म्हणतात, मुलगी घसरली. त्यांना तसं सांगायला कोणी सांगितलं? सरांनी?"

"नाही. सर तेव्हा इस्पितळात होते."

"मग कोणी?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे ते सांगावं लागत नाही."

ती बाहेर आली तेव्हा सर दालनाच्या दारात उभे होते. चार दिवसांत त्यांची दाढी वाढली होती. त्यांनी आवाज चढवला नाही. ते एवढेच म्हणाले की बाणची आई, तुमच्या मुलीत मला जे दिसलं ते तुम्हाला अजून दिसलेलं नाही. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. माणूस खोटे बोलत असता तर तिला बरे वाटले असते.

घरी बाणने तिच्याकडे पाठ करून विचारले, "मला विचारलं होतंस?"

"नाही."

"पोहते मी. तू नाही."

आईने सांगितले की उद्यापासून तू जायचे नाहीस. बाबाने सांगितले की ती जाईल, मी नेईन, निवड झाल्यावर हवे ते बोलू. आत्याने आपल्या भावाला विचारले की लिफ्ट अडकली की आतल्या माणसांना तू काय सांगतोस. उत्तर घरात सगळ्यांना पाठ होते. फोनवर तो रोज तेच म्हणे. घाबरू नका, हवा भरपूर आहे, सावकाश श्वास घ्या, मी येतोय.

तरी मंगळवारी आणि बुधवारी पहाटे तो मुलीला घेऊन गेला. आईने दाराला आडवे उभे राहून पाहिले. मुलगी तिच्या हाताखालून वाकून निघून गेली. सगळ्या घरात एकमेकांशी बोलणारे फक्त ताटवाट्यांचे आवाज राहिले. खालच्या मजल्यावरच्या बाईने बाणच्या आईकडे चष्मा दुरुस्तीला दिला होता, तो तिने न सांगता परत नेला. तिचा भाचा तलावावर होता.

पण काठीला माणूस मिळेना. कोणी उघड नकार दिला नाही. एकाची कंबर धरली, दुसऱ्याकडे पाहुणे आले, तिसरा म्हणाला की मान आता नव्या लोकांना द्यावा. नवे लोक पायऱ्यांवरच्या सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसले. मंगळवारी सरांनी स्वतः काठी धरली आणि एका वेळी एकच लेन चालवली.

बुधवारी सुईने डोळे उघडले. ती आईला ओळखते की नाही, हे डॉक्टर इतक्यात सांगायला तयार नाहीत. ती अजून बोललेली नाही. चौकशीचा अहवाल यायचा आहे. सरांना सराव थांबवण्याचा आदेश झालेला नाही.

काल, गुरुवारी, सरांनी पायऱ्यांकडे पाहिले आणि बाणच्या बाबाला खाली बोलावले. बाण पाचव्या लेनमध्ये होती. नियम काय होता ते सगळ्यांना माहीत होते, आणि बाबाने तो आठवणही करून दिला. सर म्हणाले की निवड दोन दिवसांवर आहे आणि माणसे कमी आहेत, आज तेवढे चालवून घ्या. लिफ्टच्या तारा हाताळणाऱ्या त्या घट्ट हातात काठी दिली गेली.

बाणची आई तेव्हा तलावाच्या काचेच्या दाराबाहेर होती. आत जायची तिला परवानगी राहिलेली नव्हती. ती दुकानात जायच्या वेळेआधी तिथे येऊन उभी राहिली होती, आणि आत्या तिच्या शेजारी.

मुलगी पाण्याखाली गेली. पहिली फेरी तिने बाणासारखीच मारली. परतीच्या फेरीत ती अर्ध्यावर आली तेव्हा तिचे पाय मंदावले, मग पुन्हा चालू लागले. भिंतीशी पोचताच तिने डोके वर काढले. शिट्टी झाली नव्हती. तिने तोंड उघडून एक मोठा श्वास घेतला, तो पायऱ्यांवर ऐकू गेला, आणि दोन्ही हातांनी भिंतीची कड धरली. सात वर्षांत हे तिने पहिल्यांदा केले.

बाकीच्या लेनमधली मुले पाण्याबाहेर डोकी काढून पाहत होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार, हे त्यांना कळत होते. कोणी तिला काही म्हणाले नाही.

"काठी," सर म्हणाले.

बाबाने काठी खाली केली. कापड गुंडाळलेले टोक मुलीच्या बोटांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबले. मुलीने वर पाहिले. तिने हात काढले नाहीत.

"काठी," सर दुसऱ्यांदा म्हणाले.

बाबाचे ओठ हलले. काचेमुळे बाहेर काही ऐकू आले नाही, पण ते शब्द बाहेरच्या दोघींना पाठ होते.